शेजारची खुर्ची

लुसियाच्या जाकिटाची चेन निम्म्यावर अडकली होती. ती सोडवायला नेवेंका गुडघे टेकून बसली आणि चेनीत गुंतलेलं अस्तर नखांनी ओढू लागली, तेव्हा त्या पाच वर्षांच्या पोरीने तिच्या गालाजवळ नाक आणलं आणि अगदी लाडात येऊन म्हटलं, "मावशी, तुला माझ्या आजोबांसारखा वास येतो." एवढंच. चेन सुटली, पोर आईकडे पळालं, आणि नेवेंका कोटांच्या खुंट्यांखाली तशीच बसून राहिली. लुसियाचा आजोबा म्हणजे काय चीज आहे हे साऱ्या बालवाडीला ठाऊक होतं. दिवसाआड तो ट्रामच्या थांब्यावरच्या बाकड्यावर पिऊन आडवा झालेला असायचा, टोपी पोटावर. पण पोरीचा त्याच्यावर जीव. तिने काही टोमणा मारला नव्हता, आवडत्या माणसाचा वास ओळखला होता, आणि नेवेंकाला तेच फार लागलं. शिवी असती तर परत करता आली असती. तेवीस वर्षं ती या बालवाडीत पोरांचे नाक-डोळे पुसत होती, वरणात बुडलेल्या बाह्या धुत होती, आणि आपल्याला कुणी ओळखलेलं नाही अशी तिची पक्की समजूत होती. मागे हजेरीचा कागद घेऊन मुख्याध्यापिका ल्युबित्सा उभी होती. तिने ऐकलं होतं.

"उद्या मंगळवार," ल्युबित्सा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "क्लबाचा पत्ता डॉक्टरांनी तुला नोव्हेंबरात दिलाय. नाही म्हणू नकोस, त्यांनीच मला सांगितलं. उद्या जा. तिथला बोझिदार माझ्या ओळखीचा आहे. नेवेंका आली, नेवेंकाचं नाव लिहून घेतलं, एवढा त्याचा फोन मला शुक्रवारपर्यंत आला पाहिजे. नाही आला तर मला वरती कळवावं लागेल. आणि मी कळवीन हं नेवा. मला रडू येईल, पण मी कळवीन." नेवेंकाने मान हलवली आणि खाली पडलेला एक छोटा हातमोजा उचलून त्याची जोडी शोधू लागली. जोडी सापडली नाही.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासूनच द्रावा नदीवरचं धुकं ओसियेक शहराच्या खालचं गाव म्हणतात त्या भागात शिरलं होतं. झेलिमिरने गाडी ट्रामच्या वळणाजवळ उभी केली आणि इंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. नवरा म्हणून तो असा होता: कुठेही पोचला की आधी थोडा वेळ बसून राहायचा, जणू पुढचं पाऊल टाकायची परवानगी कुणीतरी द्यायची आहे. "मी येऊ ना?" त्याने विचारलं. या क्लबात एकट्याने जायचं नसतं हे त्यालाही माहीत होतं. पिणाऱ्याबरोबर घरचं एक माणूस यावं लागतं, शेजारच्या खुर्चीत बसावं लागतं, आणि दर मंगळवारी सगळ्यांसमोर सांगावं लागतं की आमच्या माणसाने या आठवड्यात घेतली की नाही घेतली. पिणाऱ्याच्या शब्दावर तिथे कुणी विश्वास ठेवत नाही. "पहिल्या दिवशी एकटीनेच या म्हणालेत," नेवेंका म्हणाली. हे खोटं होतं. तिला झेलिमिर नको होता, कारण त्याने शेजारच्या खुर्चीत बसून, तो प्रामाणिक, थोडा बावळट चेहरा वर करून सांगितलं असतं की एकोणीस दिवस झाले, थेंब नाही. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापासून. स्वयंपाकघराच्या कोठीच्या दाराआड चर्चचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यावर तो रोज रात्री जेवण झालं की पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचा. तिला दिसू नये म्हणून बारीक. एकोणीस ठिपके होते, आणि त्यातला एकही खरा नव्हता. ती गाडीतून उतरली तेव्हा तो म्हणाला, "मी इथेच आहे." तीस वर्षांत तो दुसरं काही म्हणाला होता की नाही, हे तिला त्या क्षणी आठवेना.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर नुसतं लिहिलं होतं: प्रभाग कार्यालय, मागच्या बाजूने. त्या इमारतीसमोरून ती तीनदा गेली. दारावर पाटी शिकारी मंडळाची, खिडकीत पाटी बुद्धिबळवाल्यांची, आणि ज्याच्यासाठी आली त्याची पाटी कुठेच नाही. विचारायचं कुणाला? भररस्त्यात माणूस थांबवून दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते असं तोंडाने विचारायचं म्हणजे कपडे उतरवून उभं राहण्यासारखं होतं. शेवटी कुत्रा फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला तिने विचारलं, "शिकारी मंडळ कुठे हो?" म्हातारा खुलला. "शिकारी मंडळ वर, जिन्याने. रानडुकराचं मुंडकं दिसलं की समजायचं आलं. खाली बुद्धिबळ. आणि त्या मागच्या दाराने बेवडे. चुकून तिकडे जाऊ नका बाई, रडवून सोडतील." स्वतःच्याच विनोदावर तो हसत निघून गेला. नेवेंकाने त्याचे आभार मानले, आणि तो वळणाआड जाईपर्यंत जिन्याच्या दोन पायऱ्या चढून उभी राहिली. मग उतरली आणि मागच्या बाजूला गेली.

मागच्या बोळात अंधार होता आणि भिंतीला ओल आली होती, तळघराची ओल. हा वास तिला चांगला माहीत होता. एक्क्याण्णव सालच्या लढाईत, नोव्हेंबरात, तो अंगात शिरला होता तो कधी निघालाच नाही. गल्लीतली अकरा माणसं एका तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांवर, आणि वर तोफा. झेलिमिर पाणीपुरवठ्याच्या ठाण्यावर, तीन दिवस त्याचा पत्ता नाही. तिला झोप नव्हती, पोटात कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायचं, आणि मग शेजारच्या म्हातारीने मुरंब्याच्या बरणीतून आलुबुखाराची राकिया, घरी गाळलेली कडक दारू, पुढे केली. "घे गं पोरी. औषध आहे." ती मूठ उघडली, बोट बोट करून. नेवेंका भिंतीला टेकून झोपली, वर घरं पडत असताना झोपली. लढाई संपली, छपरं नवी झाली, म्हातारी गेली, पण मूठ काही कायमची उघडली नाही. तिला रोज उघडावं लागायचं. कुणी विचारलं असतं की कधी सुरू झालं तर तिने ते तळघर सांगितलं असतं, पण ते अर्धंच खरं होतं. त्या तळघरात अकरा जणांनी प्यायली होती आणि बाकीचे दहा आपापल्या घरी परतले होते. लढाईवर ढकलणं सोपं होतं. आपल्याला ते आवडलं, एवढंच तिला कबूल करवत नव्हतं.

आणि झेलिमिर? तो पीतच नव्हता. पोटाच्या अल्सरमुळे म्हणा, बापाला पाहून म्हणा, लग्नाआधीपासून नाही. खालच्या गावात ही एक गंमतच होती. पाणीपुरवठ्यात नोकरी करतो आणि पितोही पाणीच, म्हणून त्याला सगळे नळ म्हणायचे. थंडीत डुक्कर कापायच्या दिवशी पहाटे अंगणात पुरुष जमायचे, सुऱ्या परजल्या जायच्या, आणि पहिला पेला प्रत्येकाच्या हातात द्यायचाच अशी रीत. नाही म्हणणं म्हणजे घरधन्याचा अपमान. झेलिमिर पेला ओठांना लावायचा आणि ओटीवर ठेवून द्यायचा. "नळोबा, त्या डुकराला तरी द्या, ते तुमच्यापेक्षा जास्त पुरुष आहे," असं कुणीतरी म्हणायचं, आणि तो कसनुसा हसायचा. नेवेंका तो पेला उचलून विसळायला म्हणून आत न्यायची. दार लोटायची. नवऱ्याच्या वाटणीची ती सगळी तिनेच प्यायली, वर्षानुवर्षं, मग आपल्या वाटणीची, मग कुणाच्याच वाटणीची नसलेली. झेलिमिरला कधी कळलं हे तिला माहीत नाही. एके दिवशी बालवाडीत फोन करून तो म्हणाला, "नेवेंकाला ताप आहे." ताप नव्हता. तिने पलंगावर पडल्या पडल्या ते ऐकलं. मग ताप, मग अर्धशिशी, मग पाय मुरगळला, मग गावाकडची मावशी वारली, आणि ती मावशी तर दोनदा वारली. त्याने कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, बाटली फोडली नाही. रिकाम्या बाटल्या तो पिशवीत घालून दूरच्या कचराकुंडीत टाकून यायचा, आणि येताना पाव घेऊन यायचा. कधी कधी तिला त्याचा इतका राग यायचा की त्यानेच आपल्याला यात ढकललं असं वाटायचं. एकदा तरी ओरडला असता तर!

"आत ये की गं! दारात काय उभी, गारठशील."

बोळाच्या टोकाला दार उघडून एक ठेंगणी बाई उभी होती, हातात कॉफीचं भांडं. नेवेंका काही बोलायच्या आत तिने तिला दंडाला धरून आत घेतलं. खोलीत ट्यूबलाइट होती, इस्त्री केलेले शर्ट घातलेली पाचसहा वयस्क माणसं होती, आणि त्यांच्या बायका. खुर्च्या गोल मांडलेल्या, दोन दोनच्या जोडीने. "मी कातित्सा," ती बाई म्हणाली. "तो डावीकडचा टकल्या माझा. अकरा वर्षं थेंब नाही घेतला. तुझा कुठाय?"

"कोण?"

"नवरा गं. नाही आला ना? मला वाटलंच. अगं, माझा तरी कुठे आला होता! पाच मंगळवार मी एकटीच येऊन बसत होते, माठासारखी. बस. शेजारची खुर्ची रिकामी ठेव, कुणाला बसू देऊ नकोस. येतात. उशिरा येतात, पण येतात."

इथे नेवेंकाला बोलता आलं असतं. नंतर तिने हा क्षण पुष्कळदा हातात घेऊन पाहिला: कॉफीचा वास, कातित्साचा ऊबदार हात आणि समोर अख्खी एक उघडी जागा, जिथे फक्त "नाही, मीच" एवढं ठेवायचं होतं. तिने तोंड उघडलंही. "इथे बायका... म्हणजे पिणाऱ्या बायका नाही येत का?" तिने विचारलं.

कातित्साने नाक मुरडलं. ती वाईट बाई नव्हती, तिने नुसतं मुरडलं. "एक यायची. दोन खेपा आली. मग गल्लीत झालं सगळीकडे, आणि तिची ती बंद झाली. खरं सांगू का, पुरुषाचं मी समजू शकते. पण बाईने, पोराबाळांच्या घरात... शी. देवा, मी असं बोलू नये." तिने घाईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि कॉफी ओतली. "तू बस."

नेवेंका बसली. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली.

बोझिदार म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला एक उंच, खांदे पडलेला माणूस, पुढ्यात वही. त्याने एकेका जोडीला विचारलं. पुरुष सांगत, शेजारची बायको मान डोलवी किंवा दुरुस्त करी, आणि बोझिदार लिहून घेई. एकाची बायको म्हणाली, "शनिवारी मुलाच्या लग्नात वराचा मित्र पेला घेऊन मागेच लागला, तर ह्यांनी तो कुंडीत ओतला. आता ते झाड काय वाचत नाही." सगळे हसले. नेवेंकाही हसली आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपले हात थरथरताहेत. तिने ते मांड्यांखाली घातले. मग बोझिदारने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही नव्या. नाव सांगायचं तर सांगा, नाही तर राहू द्या. घरची परिस्थिती सांगा. किती वर्षं?"

"पंचवीस," ती म्हणाली.

"लपवून?"

"लपवून." आणि मग ते सुरू झालं. तिने सांगितलं की धुण्याच्या पावडरच्या डब्यात असते, व्हिनेगर लिहिलेल्या बाटलीत असते, थंडीत गरम पाण्याच्या रबरी पिशवीत भरून पांघरुणात घेतात. सांगितलं की सकाळी उठल्यावर आधी हात कापताहेत का ते बघतात. थांबले तर भीती वाटते, नाही थांबले तर लाज. कामावर सगळ्यांशी फार गोड वागतात, म्हणजे कुणी जवळ येऊ नये. नाताळच्या आदल्या दिवशी माशाच्या कालवणाचं पातेलं हातातून पडलं आणि पाहुण्यांसमोर हसण्यावारी नेलं, पण रात्री फरशी पुसताना त्याच फरशीवर झोप लागली. आपण कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटतं की रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलतात. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पंचवीस वर्षांत तिने एवढं खरं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगत होती झेलिमिरचं म्हणून. समोरची एक बाई डोळे पुसू लागली. कातित्साने तिच्या पाठीवर हात ठेवला. नेवेंकाला हलकं वाटलं, अगदी पहिल्या पेल्यानंतर वाटायचं तसं, छातीत ऊब आणि कुणाचंच भय नाही. याची तिला शरम वाटली, पण थांबता येईना.

"फार सोसलंत वहिनी," बोझिदार म्हणाला. "असा माणूस सांभाळायचा म्हणजे..."

दार वाजलं. झेलिमिर आत आला. टोपी हातात, कोटावर धुक्याचं पाणी. "माफ करा हं," तो सगळ्यांना म्हणाला आणि खिशातून तिचा चष्मा काढला. "गाडीत राहिला. म्हटलं इथे काही वाचायला, सही करायला देतील, तर हिला दिसायचं नाही."

 मग कातित्सा उठली आणि अशा आनंदाने, की जणू तिचाच भाऊ लढाईवरून परत आलाय, म्हणाली, "आला! बघ, मी म्हटलं नव्हतं? आला!" टकल्या नवऱ्याने पुढे होऊन झेलिमिरचा हात हातात घेतला. "शाब्बास भावा. त्या दारातून आत येणं सगळ्यात अवघड. आता लाजायचं नाही. इथे सगळे तुझ्यासारखेच." बोझिदारही उठला. "बसा. बायकोने सगळं सांगितलंय. काही लपवायचं कारण नाही. बसा तिच्या शेजारी."

झेलिमिर उभाच राहिला. त्याने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग नेवेंकाकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो कधीच बावळट नव्हता, फक्त तसा दिसायचा.  आता हा बोलेल, नेवेंकाला वाटलं, आता हा म्हणेल की मी नव्हे, आणि तिच्या पोटातली ती जुनी मूठ भीतीने आवळली, आणि त्या भीतीच्या तळाशी, अगदी तळाशी, ती त्याची विनवणी करत होती: बोल. एकदा तरी बोल. ओरड. झेलिमिर बसला आणि त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "झेलिमिर," तो म्हणाला. "मी... पितो."

खालच्या गावातला नळोबा. या खोलीतल्या दोघातिघांनी तरी ते नाव ऐकलं असणार. बोळाबाहेर उद्या काय पसरेल हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने ते तापासारखं, अर्धशिशीसारखं, दोनदा वारलेल्या मावशीसारखं सहज सांगून टाकलं. बोझिदारने वहीचं नवं पान उलटलं आणि नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, गल्ली लिहिली. त्या पानाकडे बघताना नेवेंकाच्या मनात आलं की आता ल्युबित्साला फोन जायचा नाही. शुक्रवार येईल. तरी ती बसून होती.

"शेवटची कधी घेतली?" बोझिदारने विचारलं.

"एकोणीस दिवस झाले," झेलिमिर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तो तिचाच हिशोब सांगत होता. एवढं तरी खरं आपल्याला सांगता आलं म्हणून त्याचा चेहरा जरा सैल झाला.

बोझिदारने लिहिलं नाही. तो नेवेंकाकडे वळला. "त्यांचं ऐकलं. आता तुम्ही सांगा वहिनी. इथे घरच्या माणसाचा शब्द धरतात."

ट्यूबलाइट गुणगुणत होती. वर शिकारी मंडळात कुणीतरी खुर्ची ओढली. नेवेंकाने झेलिमिरचा हात पाहिला, खुर्चीच्या काठावर, तिच्या हाताला लागून, पेन्सिलीच्या शिशाने काळवंडलेलं बोट. याला तरी फसवायला नको, असं तिला अचानक, फार उशिरा, अगदी स्पष्ट वाटलं. साऱ्या जगाला काय सांगायचं ते सांगू, पण याला नको.

"आज सकाळी," ती म्हणाली. "पावणेसहाला. न्हाणीघरात. काल पण. एकोणीसही दिवस. एक दिवस गेला नाही."

झेलिमिरने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा हात खुर्चीच्या काठावरून निघाला, हळूहळू, आणि त्याच्या स्वतःच्या मांडीवर जाऊन पडला. मग त्याची मान खाली गेली, पाठ वाकली, आणि ज्या माणसाला तीस वर्षांत तिने तोफांखाली, बापाच्या मयतीत, कुठेच रडताना पाहिलं नव्हतं, तो अनोळखी माणसांसमोर तोंडावर टोपी धरून रडू लागला.

"रडा," बोझिदार म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे ओले झाले होते. "पहिल्या दिवशी सगळे रडतात. बायको खरं बोलली, याचा राग धरू नका. हिच्यामुळेच वाचाल तुम्ही." आणि नव्या माणसासाठी तिथे करतात तसं तो उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. टकल्या उठला, कातित्सा उठली, सगळी जोडपी उठली. ती छोटी खोली टाळ्यांनी भरून गेली. झेलिमिर मध्ये बसलेला, वाकलेला.

नेवेंकाही उठली आणि टाळ्या वाजवू लागली. सगळे थांबले, खाली बसले, कुणीतरी कॉफी पुढे केली, तरी तिला थांबता येईना.